श्रावणी सोमवारची जाहिरात

भूमहून धाराशिवला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. नाव विचारावंसं वाटलं नाही. कपाळावर गॉगल चढवलेला, दोन्ही अंगठे मोबाइलवर. धंदा त्यानं आपणहून सांगितला. मटण मसाल्याचं ऑनलाइन मार्केटिंग.

"दिसंल त्या ग्रुपवर टाकायचं. पोचलं म्हंजी झालं."

"कुणाला पोचतंय ते बघत नाही का?"

"त्यात काय बगायचं? तोंड समद्यालाच हाय की."

श्रावणी सोमवार होता. पुढच्या बाकावर रामलिंगाला निघालेल्या बायका बेलाची पानं सांभाळत बसल्या होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर लालभडक रश्शातली नळी येऊन पडली होती. हा तिथं कधी शिरला, कोण जाणे. मी फोन त्याच्यापुढं धरला.

"बगा, तुमच्यापतुर आलं का न्हाय?" तो खूश झाला.

गावोगावच्या फोनांत घुसलेल्या या गड्याला शेजारच्याच्या गळ्यातली तुळशीची माळ काही दिसली नव्हती.

येडशीला बायका उतरल्या. त्यानं पिशवीतून मसाल्याची पुडी काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"फुकट हाय. वहिनीस्नी सांगा, आजच करून बगा."