वाळलेली दोरी

बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांवर जाळी ओढली आणि मला पदवीपर्यंत शिकवलं. माझ्या पगारातून जुनी होडी घेतली. ती जीपमागच्या ट्रॉलीवर चढवून आई, बाबा आणि मी गोव्याहून गावी निघालो. होडी आवळायला मी आणलेले नायलॉनचे पट्टे बाबांनी बाजूला सारले. "काथ्याची दोरी भिजवून बांधलीय. वादळातही सुटायची नाही."

दुपारी घाटात जीप चालवताना मी आरशात पाहिलं. होडी दरीकडे कलली होती. मी जीप थांबवली. दोरी उन्हात वाळून सैल पडली होती. समुद्रावर ती कधी वाळलीच नव्हती. बाबांची गाठ सुटू शकते, यानेच मी जास्त हादरले. समुद्रापासून दूर, कॉलेजात पहिल्या दिवशी मीही अशीच सैल पडले होते.

"बाय, आता तू बांध," बाबा म्हणाले.

आम्ही होडी सरळ केली आणि मी पट्टे आवळले. संध्याकाळी आमची स्वतःची होडी आमच्या किनाऱ्याला लागली.