खंडेनवमीचं कुंकू

आमचे सर शिकले परदेशात, पण खंडेनवमी आली की त्यांच्या अंगात येतं. नगरमधल्या एका हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत आमची लॅब आहे. तिथल्या प्रत्येक यंत्राला त्या दिवशी हळदकुंकू, झेंडूचा हार, उदबत्ती. वजनकाट्यालासुद्धा. एरवी मी हसून गप्प बसते. त्या वर्षी आत माझा भाऊ होता.

भाऊ म्हणजे त्याच्या मानेतल्या गाठीचा तुकडा. दादा तिसगावला शेती करायचा. तंबाखूनं गाल सडला, ऑपरेशन झालं, दुखणं परत आलं. मानेतली गाठ काढली तेव्हा तिचा तुकडा आमच्याकडे दिला. असा तुकडा आम्ही बारीक करून प्लेटीतल्या जेलीत वाढवतो, त्याचे खसखशीएवढे गोळे होतात. मग त्याच माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर सोडायच्या आणि नवं औषध घालायचं. हे औषध कॅन्सरला हात लावत नाही. ते पांढऱ्या पेशींना डिवचतं, मारायचं काम त्यांनीच करायचं. गोळे फुटले तर त्या माणसाला औषधाच्या चाचणीत घेणार. फुटले नाहीत, किंवा दसऱ्यानंतरच्या आठवड्यात उत्तरच आलं नाही, तर घेणार नाहीत. दादासाठी दुसरं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तसं स्वच्छ सांगितलं होतं.

दादाला वाटायचं, प्लेटीत जे होतं तेच त्याच्या अंगात होतं. फोन करायचा, "आज कसं हाय माझं?" मी म्हणायची, "वाढतंय." की हा खवळलाच. "वाढवाय दिलंय व्हय तुला?" मागून वहिनीचं हसणं ऐकू यायचं.

या प्लेटा ज्या कपाटात ठेवतात तिथं माणसाच्या अंगाइतकी ऊब असते आणि ओल असते. बुरशीचं ते माहेरच. म्हणून हात स्पिरिटनं पुसल्याशिवाय आम्ही त्या दाराला शिवत नाही. हे सरांनीच शिकवलं, ओरडून ओरडून. आणि त्या दिवशी तेच सर दार सताड उघडून उभे. आतल्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, खालच्या फळीवर झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली.

मी म्हटलं, "सर, आत नको. बाहेरून करा."

"खरं काम आतच चालतं ना," ते म्हणाले. "दोन मिनिटांनी काय होतंय?"

मी फूल उचलून फेकलं, काच पुसली, फळी पुसली. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी देवालाच लाथ मारलीय.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले तर दादाच्या प्लेटीत कापूस पिंजलेला. कडेनं पांढरा, मध्ये हिरवा. औषध नुकतंच घातलं होतं. गोठवून ठेवण्याइतका तुकडा मुळात आलाच नव्हता. सरांनी मायक्रोस्कोपमधून बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नमुना बाद. काय करणार, त्याची इच्छा."

"त्याची नाही, तुमची," मी म्हटलं आणि प्लेटीत ब्लीच ओतलं. त्या माणसाचा गळा धरावासा वाटला मला. अजूनही वाटतो. सर मात्र चहा घ्यायला गेले.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी तिसगावची गाडी धरली. दादा ओट्यावर पाय सोडून बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "दादा, तुझ्या प्लेटीतलं सगळं मेलं."

त्याचं तोंड नीट उघडत नव्हतं, तरी तो हसला. "मेलं? समदं?"

वहिनी आत पळाली आणि साखरेचा डबा घेऊन आली. चिमूटभर माझ्या हातावर ठेवली. दादा शेजारच्यांना हाक मारायला उठला.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या कुणी हे गोडीनं सांगितलं असतं, मला गोडी जमत नाही. "बुरशीनं मेलं. औषधानं नाही. तुझ्या पांढऱ्या पेशीही मेल्या. आता ते तुला घेत नाहीत. औषध मिळणार नाही."

वहिनीनं डब्याला झाकण लावलं.

दादा खाली बसला. उपरण्यानं लाळ पुसत राहिला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण तो माझीच समजूत काढायला लागला. "आगं, मग परत घ्यायचं की माझ्यातून. तितं संपलं आसंल, इतं कुटं संपलंय?"

मी सांगितलं, वाढायलाच आठवडे लागतात, तोवर चाचणीचं दार बंद. त्याच्या डोक्यात ते शिरलंच नाही. त्यानं उजेडाकडे तोंड केलं, बोटानं गाल ओढला आणि होईल तेवढा जबडा उघडला, जेमतेम बोटभर.

"बघ तर," तो म्हणाला. "लई हाय अजून."

मी वाकून बघितलं. खरंच लई होतं.