बाबांची मोठी अक्षरं आणि आईचे मोदक

यंदाच्या गणेश चतुर्थीला मी बोरीवलीतल्या एका उंच सोसायटीच्या दोन विंग गायब केल्या, आणि त्याही एका बोटाने.

मी अंधेरीच्या एका ऑफिसात विक्रीचे रिपोर्ट बनवतो. म्हणजे साहेबांच्या स्क्रीनवर एक तक्ता येतो. कोपऱ्यात कॉलमांची नावं असतात. नावापुढची टिक काढली की तो कॉलम लपतो, परत केली की दिसतो. साहेबांना बहुतेक कॉलम नकोच असतात. (नफ्याचा तेवढा ठेवतात, तोही वाढला असेल तर!) एवढ्या भांडवलावर मी घरात स्वतःला शास्त्रज्ञ समजतो.

यंदा आईने उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं. आई मालवणची. तिच्या मोदकाच्या पाकळ्या बघून माणूस खायच्या आधी हात जोडतो. पण बाबांचं सुरू झालं, "या वयात कशाला दगदग?" आईने एका वाक्यात विषय संपवला.

"ह्या गणपतीक जमला तर पुढे करतलंय. नाय जमला तर मोदकपात्र माळ्यार टाकतलंय, परत नाव काढूचंय नाय!"

समोरच्या तीन विंगांच्या सोसायटीतून भराभर ऑर्डरी आल्या. माझी बायको मानसी त्या वहीत लिहीत होती. ते बघून माझ्यातला शास्त्रज्ञ दुखावला.

"वही? मानसी, मी घरात असताना वही?"

"मग काय करू, दगडावर कोरू?"

मी रात्रंदिवस खपून (म्हणजे मॅच बघत बघत) झकास रिपोर्ट बनवला. नाव, फ्लॅट, विंग, मोदक, फोन, वेळ. शिवाय 'मागच्या वर्षीच्या तुलनेत वाढ' असाही कॉलम टाकला. मानसी म्हणाली, "अरे, मागच्या वर्षी धंदाच नव्हता!" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी उपयोगी पडेल." दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

चतुर्थीच्या सकाळी वाफाळते मोदक डब्यांत भरून तयार झाले. पोचवायचं काम बाबांकडे. दुपारच्या आरतीआधी प्रत्येक घरात नैवेद्य पोचायलाच हवा होता, आणि आईची सगळी इज्जत त्या पिशव्यांत बसली होती. बाबांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, आणखी लांब धरला. हात संपला.

"ही अक्षरं आहेत की मुंग्या?"

"चष्मा लावा ना, बाबा."

"चष्मा म्हाताऱ्यांना लागतो. तू अक्षरं मोठी करून दे!"

एक कॉलम लपवला की बाकीचे रुंद होतात आणि अक्षरं मोठी दिसतात, ही सोय मीच करून ठेवली होती. मग काय! वाढीचा कॉलम लपवला. वेळेचा लपवला.

"अजून मोठी."

फोन लपवला.

"अजून!"

नाव लपवलं. (नावाशी काय देणंघेणं? मोदक फ्लॅटमध्ये जाणार!) राहिले फ्लॅट, मोदक आणि विंग. आता आमची सोसायटी म्हणजे एकच जिना आणि एकच बिल्डिंग. इथे जन्म काढलेल्या माणसाला विंग ही चीज आठवणीतच राहत नाही. मी मनात म्हटलं, विंग कशाला हवी? आणि टिक काढली.

अक्षरं सुपारीएवढी झाली. बाबा खूश! "याला म्हणतात शिक्षण," म्हणत ते निघाले. मी आईकडे अशा नजरेने पाहिलं की कुणीही मला हार घातला असता.

बाबा समोरच्या सोसायटीत गेले. दारातच ए विंगची लिफ्ट उघडी होती. ते शिरले. रिपोर्टमध्ये फ्लॅट ३०४ लागोपाठ तीनदा आला होता. कुणालाही शंका आली असती. पण पत्ता विचारणं बाबांना चष्मा लावण्याइतकंच कमीपणाचं वाटतं. "मोठं कुटुंब दिसतंय," असं म्हणून त्यांनी एका घरात तीन डबे दिले. मग ७०४ मध्येही तेच. ए विंगमध्ये मोदकांचा नुसता पूर आला!

इकडे मानसीचा फोन वाजू लागला.

"अहो, मी बी विंगमधून कुलकर्णी. ताम्हण तयार आहे, निरांजन तयार आहे, नैवेद्य कुठाय?"

फोन ठेवते तोच सी विंग. मग परत बी. मानसी माझ्याकडे वळली. "विंगचा कॉलम कुठाय रे?"

"आहे ना. म्हणजे, आहे, पण दिसत नाहीये."

"वाट लागली!"

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हात पुसून मोदकपात्राकडे बघत राहिली. घाईघाईत मी माझ्या मोबाईलवर रिपोर्ट उघडला (इथे केलेला बदल बाबांच्या मोबाईलवरही दिसतो) आणि 'सगळे दाखवा'च्या जागी 'सगळे लपवा' दाबलं. लगेच बाबांचा फोन.

"अरे, पांढरं झालं सगळं! अक्षरं इतकी मोठी केलीस की मावेनात?"

मी 'सगळे दाखवा' दाबलं. आता मागच्या वर्षीच्या वाढीसकट अख्खी वरात आली आणि मुंग्या परतल्या. बाबांचा नाइलाज झाला. त्यांनी लिफ्टमधल्या शहाबेनच्या हातात मोबाईल दिला. या शहाबेन ७०४ च्या. त्यांनी ऑर्डर दिली होती एका डब्याची.

"अंकल, हे तर बी विंगचा आहे! आणि हे सीचा! मला वाटला, गणपतीमध्ये एकावर दोन फ्री आहे!"

"मग ते डबे?"

"एक आहे. बाकीचे आम्ही खाल्ले ना!"

पण बाई खमकी. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि ए विंगची माणसं न उघडलेले डबे घेऊन खाली धावली. एरवी लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारे लोक "तुमचा कुठला? आमच्याकडे सी आलाय," असं ओरडत मोदकांची अदलाबदल करत होते. खाल्लेल्या डब्यांसाठी आईने पुन्हा उकड काढली. आम्ही सगळे मोदक वळायला बसलो. मीही बसलो. माझा मोदक बुक्की मारलेल्या बटाट्यासारखा झाला. आईने तो उचलून बाजूला ठेवला. दुसराही ठेवला.

शेवटचा डबा कुलकर्ण्यांचा. मीच धावत घेऊन गेलो. त्यांची आरती सुरूच होती! नैवेद्य येईपर्यंत थांबायचं कसं, म्हणून त्यांनी येत होत्या त्या आरत्या म्हटल्या, मग येत नव्हत्या त्याही. टाळ वाजवणाऱ्याचे हात भरून आले होते. मला दारात बघताच अख्ख्या घराने 'मोरया' असा काही गजर केला की गणपती आत्ताच आलाय असं वाटावं. (तो सकाळीच आला होता. उशीर माझाच होता.)

मी धास्तावून घरी आलो. तर आई फोनवर! चुकून मोदक खाल्लेल्या ए विंगला आता ते पैसे मोजून हवे होते. शहाबेनना तर प्रत्येक संकष्टीला. आईचा चेहरा असा फुलला होता की मला रडूच यायला लागलं. मोदकपात्र माळ्यावर गेलं नाही.

पुढच्या संकष्टीला मी रिपोर्टमध्ये नवा तक्ता टाकला. कुणी किती मोदक वळायचे, प्रत्येकाच्या नावाचा एक कॉलम. आईला टिक काढणं, लावणं शिकवलं. तिला ते लगेच जमलं. सकाळी उघडून बघतो तर आई, मानसी, बाबा (नारळ खवणे), बस्स!

"आई, माझा कॉलम कुठे गेला?"

आईने उकडीतून मान वर केली नाही.

"तुका लपयलंय. अक्षरां मोठी दिसतत!"