सुईचे दोन तुकडे

या वहीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ सापडतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथी झाल्यावर आईने घरी बसवलं. त्यानंतर हातात पेन आलं ते हजेरीच्या वहीत सही करण्यापुरतं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात. हे मला तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. माझ्या यजमानांची गिरणी महिन्यातले पंधरा दिवस बंद असे. त्यामुळे मी हिंगण्याच्या रस्त्याला एका ठेकेदाराच्या शेडमध्ये कामाला लागले. पत्र्याच्या त्या शेडमध्ये आम्ही वीस-बावीस बाया पायमशीनवर पिशव्या शिवायचो. बारीक विणीच्या पांढऱ्या सुती कापडाच्या, गोल, तळहाताएवढ्या. नगावर मजुरी होती. पहिले दोन महिने मला वाटायचं, औषधाच्या असतील. कोणाला विचारायचा धीर नव्हता.

माझी मशीन आठ नंबरची. समोरच्या सात नंबरवर काटोलकडची एक बाई बसायची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, नवरा वारलेला. मी तिला बाईच म्हणायचे. एकदा मी पिशवीचा वास घेऊन पाहिला, तर ती हसायला लागली.

"औषध कायचं वं! बारूद भरतात यात. रॉकेटच्या पोटात ठेवतात. पहिले हे पेटते, मंग रॉकेट."

आमच्या सुपरवायझरने पत्र्यावर खडूने चित्र काढून दाखवलं होतं. एक ट्रक, त्याच्या पाठीवर ओळीने चाळीस नळ्या. एका दमात सगळी रॉकेटं सुटतात म्हणाला. कोणीतरी विचारलं, पडतात तिथे काय होतं? तो म्हणाला, "शेत असो का गाव, मागे काही राहत नाही बाई." मग त्याने चित्र पुसलं आणि आम्ही मशीन चालवायला घेतली.

आम्ही शिवायचो त्या पिशव्या त्या चाळीस नळ्यांच्या नव्हत्या. त्याहून मोठं, आपल्या देशात बनवायचं रॉकेट होतं, त्याचं अजून जमवणं चाललं होतं. ते कसं जमतंय हे आम्हाला पिशवीवरून कळे. कधी नमुना दोन बोटांनी मोठा होई, कधी शिवण दुहेरी होई, कधी पुन्हा जुनाच नमुना येई. नवा नमुना आला की बाई म्हणायची, "फसलं वाटते पुन्हा." आणि आम्ही आधीच्या पिशव्या उसवायला बसायचो. उसवायची मजुरी मिळत नसे.

शेडचा सगळ्यात कडक नियम सुईचा होता. आत जाताना केसातल्या आणि साडीच्या पिना दारातल्या डब्यात टाकायच्या. सुई तुटली तर दोन्ही तुकडे खिडकीवर नेऊन दाखवायचे. कारकून ते त्या मशीनच्या कार्डावर चिकटवी, नंबर लिही, मगच नवी सुई देई. बारुदीत लोखंडाचा तुकडा गेला, घासला, ठिणगी पडली, तर ट्रकजवळ उभी असलेली माणसं पहिले जातील, असं सुपरवायझर सांगे. एक तुकडा सापडला नाही तर सगळ्या मशीन बंद. सकाळपासूनचे सगळ्यांचे गठ्ठे अडवून ठेवत आणि त्या दिवसाची मजुरी कोणालाच मिळत नसे.

एका पोरीच्या सुईचं टोक असंच हरवलं. दुपारभर दोरीला लोहचुंबक बांधून शोधलं, ते तिच्या वेणीत निघालं. महिनाभर बाया तिला टोमणे मारत होत्या. "लोहाराची वेणी आली वं, सरका!" ती पोर पुढे काम सोडून गेली. मला तेव्हापासून सुईची धास्ती बसली.

त्यावर बायांनी एक उपाय काढला होता. ज्यांच्या घरी मशीन होती त्या घरच्या तुटलेल्या सुयांची टोकं पदराच्या काठात खुपसून आणत. टोक हरवलं की वरचा तुकडा आणि हे टोक जोडीने खिडकीवर द्यायचं. कारकून नुसता नजरेने पाहत असे. खरं टोक बहुतेक वेळा झाडताना मिळून जाई. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

चाचणीसाठी मोठा माल द्यायचा होता, त्या आठवड्यात माझी सुई तुटली. टक् असा आवाज झाला आणि टोक कुठे उडालं ते दिसलंच नाही. मी पायाने चाचपडलं, मांडीवरचं कापड झटकलं. बाईने समोरून पाहिलं. मशीन न थांबवता तिने काठातून एक टोक काढलं आणि कापडाखालून माझ्याकडे सरकवलं.

"घे. शोधत नको बसू. संध्याकाळी झाडू तेव्हा पाहू."

मी ते खिडकीवर दिलं. कारकुनाने चिकटवलं. संध्याकाळी आम्ही दोघींनी झाडलं, पण काही मिळालं नाही. मी रात्री जेवले नाही. सकाळी गठ्ठे ट्रकमध्ये चढलेले होते.

पंधरा दिवसांनी सगळा माल परत आला. तिकडे बारूद भरायच्या कारखान्यात तपासणीला लोहचुंबकाने एका गठ्ठ्यात सुईचं टोक पकडलं होतं. गठ्ठ्यावर नंबर होता सात. माझं टोक उडून समोर तिच्या ढिगात पडलं होतं.

ठेकेदार स्वतः आला. सुपरवायझरने कागदावर ते टोक ठेवलं आणि कार्डं काढली. बाईच्या कार्डावर त्या महिन्यात एकही सुई तुटलेली नव्हती. माझ्या कार्डावर तुटलेली होती, पण दोन्ही तुकडे चिकटवलेले होते.

"घरची सुई लावली होती ना तुम्ही? तुटली आणि लपवली."

"माही नाही."

"मग कोणाची?"

बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. नंतर ठेकेदाराकडे पाहून तेच म्हणाली, "माही नाही." मी माझ्या मशीनच्या चाकाकडे पाहत उभी होते. माझी जीभ टाळूला चिकटली होती असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला बोलता आलं असतं. मला बंद गिरणीचे पंधरा दिवस दिसत होते आणि बायांचे डोळे दिसत होते.

तिला त्याच दिवशी काढलं. वाया गेलेल्या कापडाचे म्हणून तिची अनामत आणि अडकलेली मजुरी मिळून तीनशे चाळीस रुपये कापले. ती दारातल्या डब्यातून आपली साडीची पिन शोधून घेऊन गेली. सात नंबरवर दुसरी बाई बसली. नमुना पुन्हा बदलला.

तीन महिन्यांनी, ती तिकडे परतल्याचं कळल्यावर, मी काटोलच्या बसमध्ये बसले. संत्र्याच्या मंडीत ती फळं निवडत होती, डागी एकीकडे, चांगली एकीकडे. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"आलीस?" ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"बाई, माझं चुकलं. तुम्ही काहून नाही सांगितलं त्या दिवशी?"

"मी काहून सांगू? तोंड तुलेबी आहे." पुढचं संत्रं उचलून तिने विचारलं, "आता सांगशीन शेडमध्ये?"

मी पदराने डोळे पुसले.

"नाही सांगत तू. मले माहीत आहे." तिने एक डागी संत्रं बाजूला टाकलं. "मंग रडू नको इथं. गिऱ्हाइकं पाहून राहिले. तीनशे चाळीस कापले माहे. तेवढे आणून दे. बाकीचं तुह्याकडून होत नाही."

मी जवळचे पंधरा रुपये दिले. तिने ते मोजून घेतले.

त्यानंतर मी दोन-तीन महिन्यांनी जात राहिले. कधी दहा, कधी पंचवीस. यजमानांना माहेरचं कारण सांगायचे. बाई पैसे घेई आणि किती राहिले ते तोंडपाठ सांगे. कधी पाणी विचारत नसे. एकदाच तिने विचारलं, "पिशवी किती मोठी झाली आता?" मी बोटांनी दाखवली. "मंग अजून जमलं नाही त्यायचं," ती म्हणाली.

दुसऱ्या वर्षी जमलं. चाचणीत रॉकेट नीट उडालं म्हणून ठेकेदाराने एकेक पेढा वाटला. मी तो खाल्ला. त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला शेजारच्यांच्या टीव्हीवर त्या चाळीस नळ्यांच्या गाड्या दिसल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीत बसलेल्या जवानांची डोकी मोजत होते. मग नळ्यांची तोंडं जिकडे वळलेली होती तिकडे कोणाचं गाव असेल, हे मनात आलं आणि मी उठून घरी आले.

शेडमध्ये मी कधीच काही बोलले नाही. ठेकेदार वारला, शेड बंद झाली, आता सांगायलाही तिथे कोणी नाही.

शेवटच्या खेपेला वीस रुपये राहिले होते. मंडीत गर्दी होती. बाईने खोक्यावर नोटा ठेवून दोनदा मोजल्या आणि पदराच्या गाठीत बांधल्या. मला वाटलं, आता तरी काही बोलेल.

"झाले तीनशे चाळीस," ती म्हणाली. "आता येऊ नको वं."

ती पुन्हा संत्र्यांकडे वळली. मी चारची बस धरली. पैसे त्या दिवशी पूर्ण फिटले.