अहिंसा सांगता सांगता

बोरिवलीत, गोराईच्या बाजूला, एका सोसायटीच्या गच्चीवर मालन परब रोज सकाळी योगाचा वर्ग घेत. अंग लवचिक आणि नजर तीक्ष्ण. कुणाचा श्वास अडकला तर त्यांना लांबूनच कळायचं. पुस्तकाशी मात्र कधी संबंध आला नव्हता.

एकदा शीतल नावाच्या नव्या मुलीने विचारलं, "ताई, यानं मन शांत होतं म्हणतात, ते नेमकं कसं?"

"करत राहा, कळेल," मालनताई म्हणाल्या. पण ते उत्तर त्यांनाच दिवसभर टोचत राहिलं. आपल्याला तरी कुठे कळलंय?

त्यांनी मुलुंडला योगदर्शनाचा रविवारचा वर्ग लावला. यम, नियम, चित्त, क्लेश. नवं काही समजलं की त्या हरखून जायच्या. पण डोळे मिटून बसल्या की 'ही धारणा की नुसता विचार?' असं डोक्यात सुरू. पूर्वी सहज होणारं बसणं जमेना. गच्चीवर करण्यापेक्षा बोलणंच वाढलं. "अगो, आदी तू गप तरी बसायचस!" नवरा काशीराम वैतागून म्हणाला.

एका सकाळी विषय होता अहिंसा. "स्वतःच्या शरीरावरही जबरदस्ती नको," त्या सांगत होत्या. त्यांचा हात वर्गातल्या, पुढे वाकलेल्या जान्हवीच्या पाठीवर होता आणि बोलण्याच्या भरात दाब वाढत गेला. जान्हवी किंचाळली. मांडीमागचा स्नायू दुखावला होता.

संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या.

"मी 'बस, बस' म्हणत होते, ताई," जान्हवी म्हणाली. "तुम्हाला ऐकूच गेलं नाही."

मालनताईंनी वर्ग बंद ठेवला. पुस्तकं माळ्यावर टाकली आणि दुसऱ्याच दिवशी खाली काढली. वाचल्याशिवाय राहवेना, वाचून बसवेना. नुसत्या येरझारा. मग एकदा अहिंसेचं पान वाचून त्या तशाच चटईवर पुढे वाकल्या आणि मध्येच थांबल्या. श्वास कोंडला होता. दात आवळलेले होते. इतकी वर्षं आपण स्वतःला असंच रेटत आलो? त्या थोड्या वर आल्या, तेव्हा कुठे श्वास सुटला.

वर्ग पुन्हा सुरू झाला. बसल्यावर आपलं मन अजूनही सैरावैरा धावतं, हे त्या आता सगळ्यांना सांगतात. जान्हवी बरी होऊन आली, पण मागच्या रांगेत बसली.

"हात लावू?" मालनताईंनी विचारलं.

"नको."

"बरं," त्या म्हणाल्या आणि तिच्या श्वासाकडे बघत शेजारी उभ्या राहिल्या.