घड्याळामागचं कुंकू

मी मुळात भित्रा माणूस. लपवून काही उपयोग नाही, कारण भोईवाड्यातल्या आमच्या इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्ट अडकली की पहिला आवाज माझा येतो. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ असं शेजारी तोंडावर म्हणतात, आणि मी हसून सोडून देतो. त्यात दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात स्टेंट बसला आणि त्या ब्रह्मराक्षसाला राहायला हक्काची जागा मिळाली.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम हवाच, सायकल चालवा, पण ठोके एकशेतीसच्या वर जाऊ देऊ नका. मी आयुष्यभर विम्याच्या कचेरीत नोकरी केली. वरून आकडा आला की तो पाळायचा, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. मुलगी बंगळुरूला असते, तिने लगोलग मनगटी घड्याळ पाठवलं. त्याच्या मागच्या बाजूला, जी कातडीला टेकते तिथे, एक हिरवा दिवा लुकलुकतो. तो कातडीतून रक्त बघतो आणि ठोके मोजतो. एकशेतीस ओलांडले की घड्याळ असं किंचाळतं की रस्त्यातली कुत्री वळून बघतात. मुलीने आणखी एक व्यवस्था करून ठेवली. माझे ठोके आणि मी कुठे आहे तो निळा ठिपका, दोन्ही बायकोच्या फोनवर दिसतील अशी.

“मी काय दिवसभर तुमचा ठिपका बघत बसू?” बायको म्हणाली. “मला दुसरे उद्योग आहेत.”

पावसाळाभर मी सायकल घरातच चालवली. मागचं चाक एका स्टँडवर चढवायचं, पंखा लावायचा आणि हॉलमध्ये जागच्या जागी पेडल मारत बसायचं. बायको त्याला घाणा म्हणायची. पण घाण्यावर माझा आकडा कसा शहाण्यासारखा वागे! एकशेवीसवर गेला की मी पाय सैल सोडायचो, तो निमूट खाली यायचा. आपल्याला सायकल आणि हृदय दोन्ही कळलं, असा माझा समज झाला. खोलीत वारा नसतो ही गोष्ट ध्यानात आली नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर घरातली हत्यारं मांडून पूजा होते. वडिलांच्या वेळी त्यांचं शाईचं पेन, अडकित्ता आणि शिवणयंत्राची कात्री असायची. या वर्षी बायकोने त्यात माझं घड्याळ आणि सायकलच्या हँडलवरचा वेग दाखवणारा डबाही मांडला. सायकलला झेंडूची माळ घातली. मी बाहेरून आलो तेव्हा पूजा झालेली होती.

दसऱ्याच्या सकाळी फेरी मारायला म्हणून मी घड्याळ उचललं तर मागच्या बाजूला हळदीकुंकवाचं मोठं बोट उमटलेलं. ओल्या बोटाने लावलं होतं, ते वाळून घट्ट बसलं होतं.

“अगं, इथे कशाला लावलंस?”

“मग कुठे लावणार? पुढच्या काचेवर लावलं असतं तर तुम्हाला आकडे दिसले नसते. आणि त्याचा जीव मागेच आहे ना, तो दिवा? पुसू नका हं, पूजेचं आहे.”

मीही पुसलं नाही. सणाच्या दिवशी कुंकू कोण पुसतं? तसंच मनगटावर बांधलं, “येतो” म्हणालो आणि निघालो.

प्रभादेवीवरून वरळीच्या समुद्राला लागलो तेव्हा माझ्यासारखा सुखी मीच. सायकल आपोआप पळत होती. हँडलवरच्या डब्यात असा वेग, जो मी घाण्यावरही कधी पाहिला नव्हता. आणि घड्याळात ठोके फक्त अठ्ठ्याहत्तर! पावसाळाभराचं तप फळाला आलं, असं वाटून मी एका तरुण सायकलवाल्याला मागे टाकलं. वारा पाठीमागून ढकलत होता, हे मला टोकाशी वळून परत फिरेपर्यंत कळलंच नाही.

वळलो आणि वाऱ्याने थोबाडीत मारली. समोरून आणि समुद्राकडून, दोन्हीकडून. समुद्रात कुठे वादळ होतं म्हणे, ते संध्याकाळच्या बातम्यांत कळलं; त्या क्षणी फक्त एवढंच कळत होतं की मी पेडल मारतोय आणि दिव्याचा खांब जागचा हलत नाही. डब्यातला वेग चालणाऱ्या माणसाइतका झाला. मला तो वेग पुन्हा वर आणायचा होता. अनुभवी सायकलवाले सांगतात की वाऱ्यात वेगाकडे बघू नये, अंगातल्या जोराकडे बघावं. पण आकडा पडलेला मला कचेरीत कधी सोसला नाही, तो तिथे कसा सोसावा? दात खाऊन मारत राहिलो.

मध्येच एक झोत असा आला की पुढचं चाक अंगठाभर उचलल्यासारखं झालं आणि सायकल रस्त्याच्या मधल्या बाजूला फेकली गेली. मागून बस येत होती. तिचा हॉर्न माझ्या कानात शिरला आणि मी जीव मुठीत धरून हँडल कठड्याकडे खेचलं. बस गेली.

छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एकशेतीस तर केव्हाच ओलांडले असणार, मग घड्याळ ओरडत का नाही? मनगट वळवून पाहिलं. अठ्ठ्याहत्तर.

माझी पाचावर धारण बसली. घड्याळ खरं बोलत असेल तर एवढी धाप लागूनही माझं हृदय वेग घेत नव्हतं, म्हणजे ते थकलं होतं. घड्याळ खोटं बोलत असेल तर ठोके किती आहेत हे मला कुणीच सांगू शकत नव्हतं. मी पुन्हा पाहिलं तेव्हा आकडाही गेला होता. त्या जागी दोन आडव्या रेघा होत्या.

मी उतरलो. सायकल कठड्याला टेकवली आणि खाली बसलो. स्वतःचे ठोके हाताने मोजायला मनगट चाचपलं, पण बोटांत कापरं होतं, नाडी सापडेना. दसऱ्याच्या दिवशी, झेंडूची माळ घातलेल्या सायकलशेजारी आपण बसल्या बसल्या जाणार आणि लोकांना वाटणार म्हातारा दमून झोपलाय, हे चित्र मला स्पष्ट दिसलं. रडू आलं. आलं ते आलं.

अर्ध्या तासाने भानावर येऊन फोन काढला तर बायकोचे एकामागून एक कॉल येऊन गेलेले. वाऱ्याच्या घोंघाटात एकही ऐकू आला नव्हता. मी लावणार एवढ्यात समोर टॅक्सी थांबली.

ती उतरली. अंगावर सणाची साडी, एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्या पायात माझी. हाताला कणीक.

“बोला!” ती ओरडली. “काहीतरी बोला आधी!”

“मी बरा आहे बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे? रेघा आल्यात तुमच्या. ठिपका हलत नाही आणि रेघा आल्यात. फोन उचलत नाही तुम्ही. गॅस बंद केलाय की नाही मला आठवतही नाहीये.” तिने नाडी बघायला माझं मनगट भलत्याच जागी घट्ट धरलं. “दाखवा ते मेलं घड्याळ.”

मी ते सोडून उलटं केलं. कुंकवाचा थर घामाने भिजून दिव्यावर पसरला होता. हिरवा उजेड त्याखाली गुदमरत होता. आम्ही दोघांनी तो एकदमच पाहिला.

“अगं, हे कुंकू आड आलं! त्याला रक्त दिसणार कसं?” मला इतकं सुटल्यासारखं झालं की हसूच फुटलं. घड्याळ तिच्यापुढे केलं. “पूस ते पदराने.”

तिने हात मागे घेतला. “मी नाही पुसणार.”

“अगं, घड्याळ आहे ते.”

“घड्याळ असो नाहीतर आणखी काही असो. सगळी वाट टॅक्सीत त्या दोन रेघा बघत आलेय मी. आता तुमच्यावरचं कुंकूही माझ्याच हाताने पुसायला सांगता?” तिचे डोळे भरले. “तुम्ही पुसा.”

माझं हसू जिरलं. मी ते माझ्या बनियनला पुसलं आणि घड्याळ बांधलं. रेघा गेल्या, शहाण्णव आले, मग नव्वद. मी मनगट तिच्यापुढे धरलं. “बघ. ठीक आहे सगळं.”

“खरं कशावरून? मघाशी अठ्ठ्याहत्तरही सांगत होतंच की ते.”

म्हणजे दिवसभर ठिपका न बघणाऱ्या बाईने अठ्ठ्याहत्तर पाहिले होते. खात्री पटावी म्हणून घड्याळ सोडलं, तिच्या बांगड्या वर सरकवल्या आणि तिच्या मनगटावर बांधलं. क्षणभर काहीच नाही. मग आकडा आला आणि चढत गेला. एकशेवीस, एकशेतीस, एकशेएक्केचाळीस. घड्याळ किंचाळायला लागलं.

“बिघडलंय,” ती म्हणाली.

“नाही बिघडलेलं. खाली बस.”

ती कठड्याला टेकून माझ्या शेजारी बसली. तिला धाप लागली होती, ओठ कोरडे पडले होते, आणि इतका वेळ माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. तिला कधी कुठल्या डॉक्टरने आकडा दिला नव्हता, कारण तिला तपासायला आम्ही कधी गेलोच नव्हतो. वारा झेंडूच्या पाकळ्या उडवून नेत होता, आणि माझ्यासाठी लावलेला तो इशारा तिच्या हातात ओरडत होता. “बंद करा हो ते,” ती म्हणाली. मी बंद केलं नाही. तिचा कणकेचा हात दोन्ही हातांत धरून आकडा उतरायची वाट बघत बसलो. माझ्या स्वतःच्या आकड्याला मी कधी इतका घाबरलो नव्हतो.