उघडी ठेवलेली पायरी

दत्ता गेल्याचा फोन गावाहून आला तेव्हा मी मुंबईत हिंदमाताच्या घरात धुवायला पडदे काढत होते. ऐकून खाली बसले, तोवर दुसरा फोन वाजला. ठेकेदाराचा. त्याचं नाव इथे लिहिणार नाही, एवढा मान त्याला कशाला? "काकू, दत्ताकाका म्हणजे देवमाणूस हो," तो म्हणाला, आणि त्याच श्वासात, "त्यांच्या जमिनीत ती एक पायरी उघडी राहिलीय ना, ती मी स्वखर्चाने बुजवतो. वर काकांच्या नावाची पाटी लावू. तुम्ही फक्त हो म्हणा." "कळवते," म्हणून मी फोन ठेवला. त्याला महिना होऊन गेला. ईशान, मीरा, इतक्या लांब बसून तुम्हाला ही पायरी म्हणजे काय ते कळायचं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. हे पत्र वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल तेव्हा तोही वाचेल. वाचू दे.

दत्ता तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ, लालबागच्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. गिरण्यांचा संप झाला तेव्हा आजोबा बँकेत होते, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. आमच्या घरचं काही थांबलं नाही, त्याचं सगळंच थांबलं. जेवायला बोलावलं तर यायचा, पण आधी नळ दुरुस्त करायचा, खिडकीच्या कड्या बसवायचा, मगच पाटावर बसायचा. गिरणीने त्याला परत बोलावलं नाही. उरला तो रत्नागिरीकडच्या गावातला नाचणीचा उतार. सगळा कातळ, त्यावर हातभर माती, तीही वाडवडिलांनी डोक्यावरून आणून टाकलेली. त्याच सुमारास गावाला रस्ता मंजूर झाला, उताराच्या मातीखाली रस्त्यावर टाकायचा मुरूम निघाला आणि ठेकेदाराने तो विकत मागितला.

एका दुपारी तो आला तेव्हा मी कणीक मळत होते. "वैनी, जरा परात द्या इकडे." कणकेचा त्याने उतार केला आणि सुरीने वरचा पातळ थर सोलून ताटलीत ठेवला. "ही माती. ही आधी काढून बाजूला रचायची, तिला कुणी हात लावायचा नाही. मग मुरूम. काम झालं की माती परत अंथरायची आणि नाचणी."

"आणि पावसाचं पाणी कुठे जाणार? तिथे डबकं होईल," मी विचारलं. त्याने कणीक पुन्हा सारखी केली आणि तिच्यात पायऱ्या कापल्या, प्रत्येक थोडी बाहेर कललेली. मी शाळेतल्या आलेख कागदावर तो उतार नीट काढून दिला. "चला वैनी, आता खाणीच्या पोळ्या लाटा," तो म्हणाला. संपानंतर त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पहिल्या पायऱ्या त्याने स्वतः उभं राहून कापून घेतल्या. पावसाळ्याआधी तो गिरणीकडे थकलेल्या हिशेबाच्या खेपांसाठी मुंबईला आला, तेवढ्यात ठेकेदाराने घाई केली. हा गावचाच, खणलेल्या जागेपलीकडे नवा बंगला बांधलेला. पायरीपायरीने खाली उतरत जाण्याऐवजी त्याने उभाच कडा कापला. आणि रचून ठेवलेली माती...ती ट्रकने उचलून स्वतःच्या अंगणात पसरली, कातळावर गुलाब लावायला. दत्ता परतला तेव्हा उताराच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा होता. ठेकेदार वर म्हणाला, "काका, माती काय, मातीच ती! गिरणीतल्या माणसाला काय करायचीय शेती?"

दत्ता भांडला नाही. लालबागला आला. आमच्या गावच्या मंडळाची तिथे चाळीत एक खोली आहे. भिंतीला ट्रंका, वळकट्या, मधोमध सतरंजी. गावचे निर्णय तिथे होतात. मीही गेले, तो आलेखाचा कागद घेऊन. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "शिमग्याची पालखी बंगल्यावर कुठल्या वाटेने जाते रे?"

"माझ्या उतारावरून," दत्ता म्हणाला.

"मग झालं तर."

शिमग्याला आमच्याकडे देवाची पालखी घरोघरी जाते, त्या वर्षी मी मुद्दाम रजा काढून गेले. पालखी वाजतगाजत खड्ड्याच्या काठापर्यंत आली आणि थांबली. ठेकेदार धावत आला. "नव्या रस्त्याने फिरवून आणा ना!"

"देव आपल्या वाटेनं येतो. वाट तू खाल्लीस, तू दे," मानकरी म्हणाले.

पालखी तिथेच काठावर टेकवली. ढोल थांबले. बंगल्याच्या दारात त्याची आई नारळ घेऊन उभी होती. ऊन चढलं तशी ती किंचाळली, "अरे मेल्या, काढ ती माती! देव उन्हात बसलाय!" मग सगळ्या गावासमोर त्याने अंगण खणलं. घमेल्यामागून घमेली, गुलाबांसकट. दत्ता काठावर खुर्ची टाकून चहा पीत होता. "अजून," तो म्हणायचा, "खालचा कातळ दिसू दे." मला दया आली का? नाही. मी दत्ताच्या कपात आणखी चहा ओतला.

माती आली तशी, वाट परत करण्याच्या अटीवर, मानकऱ्यांनी त्या वर्षी पालखी नव्या रस्त्याने बंगल्यावर सोडली. उतार भरायला पुढे दोन उन्हाळे लागले, दगड-मुरूम ठेकेदाराच्याच खर्चाने. माझ्या कागदाप्रमाणे पायऱ्या झाल्या, माती बसली, नाचणी उगवली. फक्त बंगल्यासमोरची एक पायरी दत्ताने भरू दिली नाही. लाल, उघडी, ठेकेदाराच्या गॅलरीतून सरळ दिसणारी. रोज संध्याकाळी तो कप घेऊन तिथे जाऊन बसायचा, तोंड बंगल्याकडे करून. "काही काम नाही वैनी," मला म्हणायचा, "त्याला दिसायला बसतो."

गॅलरीला पुढे पडदे लागले.

आता त्या जमिनीवर तुमच्या बाबांचं आणि पुढे तुमचं नाव लागेल. मी थकले की तो तुम्हाला फोन करील, गोड बोलेल, पाटी दाखवील. नाचणी करा, काजू लावा, जमीन पडीक ठेवलीत तरी चालेल. ती पायरी मात्र बुजवू देऊ नका.

त्याला मी काल कळवलं, मे महिन्यात गावी येते आहे. चहाचा थर्मास घासून ठेवला आहे. कप दत्ताचाच नेणार.